घरमालकांचे पंख

आमच्या घरमालकांइतका पक्ष्यांवर रुसलेला माणूस मी आजवर पाहिलेला नाही. लोक चिमण्यांसाठी गॅलरीत पाण्याची वाटी ठेवतात, पारव्यांना ज्वारी टाकतात. आमचे घरमालक मात्र दारातल्या शेवग्यावर साळुंकी येऊन बसली, की हातातलं काम थांबवून तिच्याकडे असं बघत, जशी काही ती रांग मोडून पुढे घुसली आहे. "बघ की," ते मला म्हणत, "ना कागद, ना पेन्शिल, ना फूटपट्टी. अंड्यातनं भाईर आली आन् म्हैन्याभरात पंख तयार. ह्येला काय अर्थ हाय?" त्यांना स्वतःला एकेका पंखाला वर्ष लागायचं. आणि वर्षभर खपून पंख तयार झाला, की त्यात काहीतरी खोट सापडायची आणि दुसऱ्या पंखाचा कागद जमिनीवर अंथरला जायचा.

माणसाच्या अंगाला लावायचे पंख नव्हेत ते. तसा समज काही दिवस माझाही झाला होता, म्हणून आधीच सांगते. घरमालकांना, म्हणजे आमच्या काकांना, करायचं होतं एक ग्लायडर, म्हणजे इंजिन नसलेलं, जमिनीवरून रिमोटने चालवायचं विमान. पण खेळण्याएवढं नाही. या टोकापासून त्या टोकापर्यंत पंख पसरले तर बारा-तेरा फूट भरतील एवढं, आणि सगळं स्वतःच्या हाताने केलेलं. काका मूळचे सांगलीजवळच्या माधवनगरच्या गिरणीतले मागांचे फिटर. गिरणी बंद पडल्यावर त्यांनी पॉवरलूम दुरुस्त केले, आणि गुडघे बोलायला लागल्यावर तेही सोडलं. मग एकदा मोबाइलवर त्यांना कुठल्यातरी परदेशातल्या डोंगरावर तरंगणारं असं एक विमान दिसलं, आणि संपलंच. "इंजान न्हाई," ते येईल-जाईल त्याला सांगत. "इंजान असलं की माणूस आळशी हुतो. ह्येच्यात फसवाफसवी न्हाई. पंख बरोबर असला तर ऱ्हाईल, नसला तर पडंल."

मी त्यांच्याकडे मागच्या खोलीत भाड्याने राहायला आले ती आटपाडीकडच्या गावातून, एक शिलाई मशीन आणि दोन पत्र्याच्या पेट्या घेऊन. नववीत शाळा सुटलेली, लग्न होऊन वर्ष झालेलं, नवरा लांब कोइमतूरला गलाईच्या दुकानात. गलाई म्हणजे जुनं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायचं काम. आमच्या बाजूची माणसं त्यासाठी देशभर पांगलेली आहेत. नवऱ्याला तिकडे राहण्यासारखी खोली मिळेपर्यंत मी माधवनगरात साड्यांना फॉल-पिको करून राहावं असं ठरलं. मी स्वभावाने घाबरट. कडी लावली की नाही ते बघायला अर्ध्या रस्त्यातून परत येणारी, आणि परत आल्यावर गॅस आठवणारी. तर पहिल्याच दिवशी खोलीत पाय ठेवला आणि वर बघते तो छताला लांबच लांब सांगाडा टांगलेला. मधे एक दांडा, आणि त्याला ओळीने जोडलेल्या पातळ पातळ फासळ्या. मी दारातच थांबले. "काका, हे काय हो?" काका म्हणाले, "आसू दे ते. हलकं हाय. पडलंच तर त्येला लागंल, तुला न्हाई लागत."

हळूहळू कळलं की घरात असे पंख जिथे तिथे होते. बाहेरच्या सोप्यात होते, जिन्याखाली होते, स्वयंपाकघरात भांड्यांच्या मांडणीवर होते. घरात येणारा पाहुणा आपोआप वाकून यायचा, आणि काकूंच्या माहेरच्या लोकांना वाटायचं, जावईबापूंचा दरारा फार. प्रत्येक पंखाला त्याच्या खोडीवरून नाव होतं. एक 'डुलक्या', एक 'आळशी', आणि एक बिचारा ज्याचं टोक वाळताना वळलं होतं तो 'मानमोड्या'. विमानाचं धड मात्र एकच, दाराच्या मागे छत्रीशेजारी उभं केलेलं. त्याला नाव नव्हतं आणि मानही नव्हता. "धड कुणीबी करंल," काका म्हणत. उन्हाळ्यात सांगलीकडे अंगाची काहिली होते, पण त्या घरात डोक्यावरचा पंखा लावायची सोय नव्हती, कारण छताच्या पंख्याने छताला टांगलेले पंख हलायचे. काकू पदराने वारा घेत म्हणायच्या, "घरभर पंख हायत, आन् वारा कशाचाच न्हाई."

काकांच्या दारावरून जाणाऱ्यांचा आणखी एक गैरसमज होता. त्या घरातून सकाळ-संध्याकाळ उदबत्तीचा एवढा धूर यायचा, की अख्खी गल्ली काकांना फार देवभक्त समजायची. शेजारच्या एका आजींनी तर सुनेला त्यांचं उदाहरण दिलं होतं. खरा प्रकार असा, की काका सोप्यात टेबलफॅन लावत, त्याच्यासमोर पंखाचा तुकडा धरत, आणि पुढे उदबत्ती पेटवून धूर पंखावरून कसा सरकतो ते गुडघ्यावर बसून बघत. धूर पंखाला चिकटून सरळ गेला तर पंख शहाणा. मधेच सुटून भोवरे खाऊ लागला तर पंख वाया. भोवरा दिसला की ते तोंडाने एवढा दुःखाचा आवाज काढत, की भजनाला बोलवायला आलेले एक गृहस्थ त्यांची समाधी लागली असं समजून दारातूनच नमस्कार करून गेले होते.

पंखाचा छेद वरून फुगीर आणि खालून जवळजवळ सपाट का असतो, हे समजावून सांगायचा त्यांना भारी नाद. त्यासाठी त्यांना करंजीसारखं दुसरं साधन नाही. दिवाळीत फराळाला आलेला माणूस करंजी उचलायचा आणि काका त्याचा हात मनगटाशी धरायचे. "थांबा. आडवी धरा. आता वारा हिकडनं आला. वरच्या वाऱ्याला जागा लांब, खालच्याला आखूड. काय हुईल?" समोरच्याचं तोंड उघडंच असायचं, पण उत्तरासाठी नव्हे. शेवटी काकू मधे पडायच्या. "आवं, खाऊ द्या की त्यास्नी. सारण गळाय लागलंय."

हे सगळं ठीक. पण त्या घरात राहून सहा महिने झाले तरी एक गोष्ट मला कळत नव्हती. एवढे पंख झाले, मग उडवला का नाही एकही? हा प्रश्न मी एकदा विचारला तेव्हा काकूंनी तांदळातले खडे वेचता वेचता माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. "आगं, ह्ये उडवायच्या आदल्या दिवशी खोट काढत्यात. दर साली. माज्या भावानं साताऱ्यात डोंगरावर जागा बघून ठेवलीया, बोलवून बोलवून दमला त्यो." काका ऐकत होते. म्हणाले, "पंख तयार पायजे. उगं घाई करून काय उपेग?" आणि पुन्हा सुरी पॉलिशपेपरवर घासायला लागले. मला ते उत्तर ओळखीचं वाटलं. नवऱ्याचा फोन आला, की मीसुद्धा असंच काहीबाही सांगायची. अजून दोन साड्या राहिल्यात, अजून एकीचा ब्लाउज द्यायचाय. मला तिकडे जायची भीती वाटत होती. भाषा येत नाही, कुणी ओळखीचं नाही, आणि शाळा तर नववीतच सुटलेली.

माझी आणि पंखांची गाठ पडली ती कापडामुळे. फासळ्यांचा सांगाडा झाला की त्यावर पातळ रेशमी कापड चढवायचं, कडा डिंकाने चिकटवायच्या, मग पाण्याचा फवारा मारायचा. कापड आकसून ताणलं जातं, आणि वरून पातळ वार्निशचे हात द्यायचे. ताण दोन्हीकडे सारखा नसला तर पंख पिळवटतो. काकांनी मला एकदा पातळ साडीला फॉल लावताना पाहिलं आणि दारात उभे राहिले ते बराच वेळ हलले नाहीत. "चुणी येत न्हाई तुझ्या हातानं," ते म्हणाले. मला वाटलं भाड्याबद्दल काही बोलायला आले. त्यांनी दुसऱ्या दिवशी कापड, डिंक आणि एक नवाकोरा सांगाडा, डावा-उजवा दोन भागांत, माझ्या खोलीत आणून ठेवला. मी म्हणाले, "काका, माझ्याच्यानं नाही हो व्हायचं. फाटलं-बिटलं तर?" "फाटलं तर दुसरं चढवायचं. कापड हाय, कुणाची कातडी हाय व्हय?" मग आम्ही दोघं जमिनीवर बसून ते करत असू. ते एका कडेला, मी दुसऱ्या. ताणून झालं की ते बोटाने टिचकी मारत आणि डाव्याचा आवाज, उजव्याचा आवाज कान देऊन ऐकत. त्या पंखाला नाव पडलं नाही. मला ते जरा लागलं. विचारलं तर म्हणाले, "ह्येच्यात आजून खोड सापडली न्हाई."

दसऱ्याच्या जरा आधी नवऱ्याचा फोन आला. खोली मिळाली होती, भाऊबीजेनंतर दोन दिवसांनी मिरजेहून गाडीचं तिकीट काढलं होतं. आता साड्यांची सबब चालण्यासारखी नव्हती. मी काका-काकूंना सांगितलं. काकू डोळे पुसत आत गेल्या. आणि काकांनी, जन्मात पहिल्यांदाच असेल, स्वतः तारीख दिली. "भाऊबीजंला हिच्या भावाकडं साताऱ्याला जायाचंच हाय. तूबी चल. तू जायाच्या आत ह्यो उडवायचा. कापड तू चढवलंयस, तू बघितल्याबिगर कसं चालंल?"

आता त्यात खोट निघाली नसती तर ते काका कसले? दिवाळीच्या चार दिवस आधी त्यांनी दोन्ही पंख धडाला जोडले, नाक आणि शेपूट दोरीत अडकवून सगळं विमान सोप्यात टांगलं, आणि डावा पंख सावकाश, अगदी नम्रपणे, खाली गेला. काकांचा चेहराही त्याच्याबरोबर खाली गेला. मग सुरू झालं. डिंक जास्त लागला का, लाकूड जड आलं का, कापड ओलं राहिलं का. मला तर वाटलं माझ्याच हाताचा दोष. घराची जमीन कललेली आहे का, हेसुद्धा त्यांनी परातीत पाणी घेऊन पाहिलं. दोन दिवस जेवण धड नाही. शेवटी ते म्हणाले, "डावा नवीन करायला पायजे," आणि त्यांनी कागद अंथरला. नवीन पंख म्हणजे आणखी एक वर्ष. मी तोवर कोइमतूरला. मी खोलीत जाऊन पेटी भरायला लागले.

काकूंनी तो अंथरलेला कागद पाहिला, चुलीवरची कढई उतरवली आणि पदराला हात पुसत बाहेर आल्या. "आवं," त्या म्हणाल्या, "सुपारी हाय ती."

"कसली सुपारी?"

"खंडेनवमीला हत्यारं पुजली न्हवं? तुमची करवत, पान्हं, हिचं मशीन. तवा पंख बी पुजलं. टोकाची कड तवा चिकटवायची ऱ्हायली हुती, तितनं पोकळीत सुपारी आन् हळकुंड घातलंय मी, कापसात गुंडाळून. नजर लागू नये म्हणून."

काका कागदावरून उठले. "आगं, आन् सांगायचं न्हाई व्हय?"

"सांगितलं तर काढली असती तुमी."

"मग एकाच पंखात का?"

"नजर काय दोन्हीकडनं लागती व्हय?"

मला हसू येत होतं आणि भीतीही वाटत होती, की आता काका पंखाचं टोक कापणार. त्यांनी सुरी हातात घेतली, टोकावरून अंगठा फिरवला, माझ्या कापडाकडे पाहिलं, काकूंकडे पाहिलं. मग सुरी खाली ठेवून म्हणाले, "आन आनखी एक. हळकुंड बी तेवढंच बघ." उजव्या टोकाला खालून एक बारीक चीर दिली, सुपारी आणि हळकुंड कापसात गुंडाळून आत सरकवलं, मी वरून ठिगळ लावलं. विमान पुन्हा टांगलं. दोन्ही पंख सरळ राहिले, जरासुद्धा हलले नाहीत. "काढायची म्हंजे कापड फाडायला लागलं आसतं," काका कुणी न विचारता म्हणाले. आता उजव्यालाही चीर दिलीच होती, पण तो विषय मी किंवा काकूंनी काढला नाही.

भाऊबीजेच्या दिवशी आम्ही सांगलीहून साताऱ्याची एसटी धरली. सणाची गर्दी, आणि आमच्याकडे चादरीत गुंडाळलेले माणसाएवढे दोन लांबोडे. कंडक्टर म्हणाला, "आजोबा, ह्ये काय?" "पंख." "कशाचं?" "इमानाचं." "आन् इमान कुठाय?" "ते पिशवीत हाय." कंडक्टरने काकूंकडे पाहिलं. काकूंनी 'आहे ते असं आहे' असा चेहरा केला. मग त्याने घंटी मारली. इस्लामपूरपर्यंत पंख आमच्या मांडीवर होते, पुढे गर्दी वाढली तसे ते उभ्या लोकांच्या डोक्यांवरून हाताहाती मागे गेले, आणि कऱ्हाडला एका बाईंनी पाटी टेकवायला जागा बघितली तेव्हा निम्मी एसटी एकदम ओरडली, "ओ मावशी, पंख हायत!"

काकूंच्या भावांना मीही मामाच म्हटलं. ते पलटणीतून सुभेदार होऊन आलेले. ओवाळून झालं, ताटातली करंजी काकांनी मुकाट्याने खाल्ली यावरूनच मला त्यांची अवस्था कळली. दुपारी मामांनी आम्हाला जीपमध्ये घालून यवतेश्वराच्या पठारावर नेलं. दिवाळीनंतर वारा पूर्वेकडून येतो आणि कड्याला आपटून वर चढतो, अशी काकांची माहिती होती, आणि ती खरी निघाली. कडेला उभं राहिलं की वारा पायाकडून अंगावर यायचा. खाली सगळा सातारा पसरलेला. मामांनी विमान डोक्यावर धरलं. "दाजी, रेडी?"

"जरा थांबा. वारा तिरका हाय."

थोड्या वेळाने, "आता?"

"ढग बघा की केवढा आलाय."

ऊन कलायला लागलं. मामांचे हात भरून आले. "आवं दाजी, वारा काय बाजारातनं निवडून आणायचा व्हय? फौजेत अशी वाट बघत बसलो असतो तर बॉर्डर तिकडं न्हाई, हितं आली असती!" काकू म्हणाल्या, "अरं, बोलू नको त्यास्नी." काका रिमोट छातीशी धरून उभे होते. मी जवळ गेले. "काका, परवा मी जाणार."

"त्येच की गं," ते हळूच म्हणाले. "पडला तर तू पडल्यालं बघून जाशील. लांब चाललीयास. मनात ऱ्हाईल तुझ्या."

मला काय झालं कोण जाणे, मी म्हणाले, "आणि उडवलाच नाही तर काय घेऊन जाऊ, काका?"

त्यांनी रिमोट सरळ धरला. मग मामांकडे वळून म्हणाले, "सोडा."

मामा पळाले आणि त्यांनी ते विमान कड्यावरून वाऱ्यात ढकललं. ते पुढे गेलं, नाक खाली केलं, आणि कड्याच्या खाली गेलं. दिसेनासं झालं. काकूंनी पदर तोंडाला लावला. मामा "अरे, अरे" म्हणत थांबले. फक्त काका पुढे वाकले होते, आणि त्यांची बोटं रिमोटवर बारीक बारीक हलत होती. आणि मग ते वर आलं. आमच्या समोर, डोळ्यांच्या उंचीला, काही आवाज न करता. एवढी मोठी वस्तू हवेत आणि आवाजच नाही, हे मला अजून नीट सांगता येत नाही. कलत्या उन्हात कापडातून एकेक फासळी दिसत होती. पंख मधूनमधून वर वाकत होते, आणि मी न राहवून म्हणाले, "काका, वाकलाय!" "वाकू दे," ते म्हणाले, "वाकायलाच केलाय." डावीकडे वळवला, उजवीकडे वळवला. मामा मागून म्हणाले, "दाजी, श्वास घ्या," तेव्हा त्यांनी घेतला.

उतरताना उजवं टोक करवंदीच्या जाळीत गेलं आणि कापड वीतभर फाटलं. काका धावत गेले नाहीत. सावकाश चालत गेले, पंख मांडीवर घेऊन बसले, आणि फाटलेल्या कापडाकडे बघून लहान मुलासारखे हसायला लागले. मी तिथेच पिशवीतून सुई-दोरा काढून टाके घातले. वारा एवढा, की काकू माझ्या डोक्यावरचा पदर धरून उभ्या होत्या.

मिरजेला गाडीत बसवायला दोघंही आले होते. काकूंनी डबा दिला, अंगारा लावला. गाडी हलली तेव्हा काका खिडकीशी चालत चालत म्हणाले, "गाडीनं येग घेतला की हात जरा भाईर काढ. पालथा धर, पुढची कड किंचित वर." लोकांनी ओरडा केला असता, म्हणून मी बेळगाव मागे पडेपर्यंत धीर केला नाही. मग आजूबाजूचे डुलक्या घ्यायला लागल्यावर जरासा बाहेर काढला. हात आपोआप वर उचलला गेला. अनोळखी मुलखात शिरताना मला रडू येईल असं वाटलं होतं, पण मी कितीतरी वेळ तेच करत बसले.

आता इथे येऊन पुष्कळ दिवस झाले. तमिळ मोडकंतोडकं येतं, शिलाईची दोन-चार गिऱ्हाइकं बांधली आहेत, मुलगी शाळेत जाते. कडी मी अजून दोनदा बघते. कोइमतूरला डोंगरांच्या खिंडीतून वारा येतो आणि काही महिने नुसता धिंगाणा घालतो. काकांचा फोन आला की आधी ते विचारतात वारा कुठून आहे, मग मी कशी आहे. इथल्या वाऱ्याचं वर्णन ऐकलं की पलीकडे सुस्कारा ऐकू येतो. काकांना आता दिसायला कमी झालंय, तरी त्यांनी आणखी एक पंख केला आहे, आधीच्यापेक्षा लांब. काकू सांगतात, सांगाडा गेल्या उन्हाळ्यापासून तुझ्या खोलीत टांगलाय, कापड आणून कपाटात ठेवलंय, घडीसुद्धा मोडलेली नाही. खोलीत दुसरा भाडेकरू ठेवलेला नाही. दर वर्षी मी म्हणते, मे महिन्यात येते. मग मे येतो, आणि दुकानाची सुट्टी जमत नाही, नाहीतर तिकीट मिळत नाही, नाहीतर पोरीला गोवर निघतो.

मागच्या फोनवर मीच म्हणाले, "काका, दुसऱ्या कुणाकडून तरी कापड चढवून घ्या की. गल्लीत शिवणाऱ्या पोरी आहेत. केवढे दिवस झाले."

पलीकडे टेबलफॅनचा आवाज येत होता.

"न्हाई, तसं काय न्हाई," मग ते म्हणाले. "लाकूड जरा वाळू दे आजून."